दोनच्या गाडीचा शेवट

"सुने, ही म्हैस कुठली गं?"

पद्मामावशीनं अंधारात माझं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की बांगड्या रुतायला लागल्या. पडद्यावर एक धष्टपुष्ट म्हैस कपाळाला झेंडूची माळ बांधून ओढ्यातून डुलत येत होती आणि तिच्यामागं घागरी घेतलेल्या पोरींचा ताफा नाचत होता.

"तुझीच आहे," मी तिच्या कानाशी लागून म्हटलं. "पहिल्याच पानावर नाही का? 'दारातली म्हैस उगीच एकदा हंबरली.'"

"अगं, ते एक वाक्य होतं!"

"आता त्याचं गाणं झालंय."

मावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले तसे माझेही हलायला लागले. पलीकडं बसलेल्या आक्का मात्र म्हशीवर बेहद्द खूश होत्या. आक्का म्हणजे मावशीची थोरली नणंद, भूपालकाकांची बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडंच असायच्या आणि घरात त्यांच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नसायचा. त्या पुढं वाकून मावशीला म्हणाल्या, "पदू, म्हस लई झ्याक लिवलीस बघ!"

त्यावर मावशीला हुंदका फुटला. हसण्याचा. पण पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून तिला सहानुभूतीनं बघितलं.

ही गोष्ट जयसिंगपूरची. मी तेव्हा कोल्हापूरला एम.ए. करत होते आणि दर शनिवारी मावशीकडं यायचे. तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मावशीची 'दोनची गाडी' ही कथा छापून आली होती. माहेरच्या नावानं, पद्मा उपाध्ये म्हणून. तिच्या सासरी कुणी ती वाचली नाही. आक्कांना पोथीपलीकडं वाचायची सवय नव्हती, आणि भूपालकाका वाचायचे ते फक्त मोटारपंपांची माहितीपत्रकं. काकांचं मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. हात सोन्याचे, पण बोलणं म्हणाल तर कुलूप. गिऱ्हाईक अर्धा तास रडगाणं गायचं, काका ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "उद्या." घरीही तेच. मावशी म्हणायची, माझ्या नवऱ्याला सरकारनं शब्द रेशनवर दिलेत आणि ते कार्ड दुकानात विसरून येतात.

कथेत असाच एक नवरा होता. मोटारी दुरुस्त करणारा, अबोल. त्याची बायको लग्नानंतर कित्येक वर्षांनी त्याला एकच गोष्ट मागते, की मला एकदा समुद्र दाखवा. तो उत्तरच देत नाही. आठवडा जातो, तरी देत नाही. मग एका दुपारी ती पिशवी भरते, स्टँडवर जाते आणि दोनच्या गाडीत बसून निघून जाते. परत येत नाही. संपली कथा. मी ती वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी मावशीला विचारलं होतं, "हे खरं आहे का गं?"

"निघाले होते, एवढं खरं," ती म्हणाली होती. "पुढचं विचारू नकोस."

मी विचारलं नाही. पण कोल्हापूरच्या एका निर्मात्यानं ती कथा वाचली, मावशीला गाठलं आणि तिची परवानगी घेतली. "शेवट जरा उचलून घेऊ," एवढंच म्हणाला. मावशीला वाटलं, कुठला सिनेमा निघतोय! आणि सिनेमा निघाला. 'थांब की गं राणी'. गावभर भित्तिपत्रकं लागली, त्यावर बारीक अक्षरात 'कथा : पद्मा उपाध्ये', आणि कुणीतरी आक्कांना वाचून दाखवलं. झालं! आक्कांनी भावकी गोळा केली. विजयश्री टॉकीजच्या दोन रांगा आमच्या माणसांनी भरल्या. दुपारचा खेळ. काकांनी दुपारपुरतं दुकान बंद ठेवलं होतं, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि रांगेच्या टोकाला खुर्चीवर ताठ बसले होते.

मावशी आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. "सुने, ते ओळखणार," ती म्हणत होती. "स्वतःला ओळखणार. आक्का ओळखणार. उद्या मला कुणी घरात ठेवलं नाही तर तुझ्या खोलीवर येईन हं मी."

पण सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या जिवात जीव आला. पडद्यावरचा नवरा सूतगिरणीचा मालक होता. त्याला पांढरा घोडा होता. आणि तो काय बोलायचा! उठताना बोलायचा, जेवताना बोलायचा, घोड्याशी बोलायचा, बायकोशी तर गाण्यातच बोलायचा. चाळिशीतली बायको विशीत आली होती. एक सावकार होता, त्याच्या गालावर मस होता, आणि तो दिसला की ढोल वाजायचा. समुद्राचं तर नावच नव्हतं. बायकोला समुद्राऐवजी हिऱ्याची नथ हवी होती.

"नथ!" मावशी म्हणाली. "मी आयुष्यात कधी नथ मागितली नाही."

"गप, कथेतल्या बाईनंही नाही मागितली."

"अगं, मग हे माझं आहे तरी काय यात?"

"नाव आहे. आणि म्हैस."

पुन्हा आम्ही दोघी पदरात. मला आठवतं, मावशी इतकी हलकी झाली होती की मधेच तिनं चपला काढून पाय वर घेतले, मांडी घातली, आणि सावकार आला की ढोलाबरोबर माझ्या गुडघ्यावर ठेका धरायला लागली. ओळखायला उरलंच काय होतं? घोड्यावरच्या त्या बडबड्यात भूपाल चौगुले कुणाला दिसणार होते?

मध्यंतर झालं. सगळे बाहेर व्हरांड्यात आले. भडंगाचे पुडे फुटले, सोड्याच्या बाटल्या फसफसल्या. बायका मावशीला घेरून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, ते ओढ्यातलं गाणं तुम्हाला कसं सुचलं? मावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "म्हशीकडं बघून." मी सोड्याचा घोट घेत होते, तो नाकातून आला.

तेवढ्यात गर्दीतून अक्कोळे सर आले. हायस्कूलला मराठी शिकवायचे. साहित्यावर जीव, आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"वहिनी!" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "अन्याय! घोर अन्याय झालाय तुमच्या कथेवर!"

"असू दे हो सर," मावशी घाईघाईनं म्हणाली.

"असू दे कसं? मी वाचलीय ती कथा. दोनदा वाचलीय. कुठं ती कथा आणि कुठं हा तमाशा! तिथं ना घोडा, ना सावकार. तिथला नवरा कसा आहे? साधा मोटारी दुरुस्त करणारा माणूस. हाताला ग्रीस, तोंडाला कुलूप!"

व्हरांड्यातल्या आमच्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या. त्या एकाच दिशेला वळल्या. तिथं भिंतीला टेकून भूपालकाका उभे होते, हातात भडंगाचा पुडा.

"मोटारी दुरुस्त करणारा?" आक्का म्हणाल्या. "म्हंजे आमच्या भूपालावानी?"

"आक्का, अशी दुकानं पुष्कळ असतात," मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"आन् मग? त्या गोष्टीत शेवट काय हाय?"

मी सरांकडं बघून मान हलवली, डोळे मोठे केले, शेवटी त्यांच्या पायावर पायसुद्धा दिला. पण साहित्य अंगात आलेल्या माणसाला पाय कळतो होय?

"शेवट?" सर म्हणाले. "शेवट अप्रतिम! ती त्याला सोडून जाते. पिशवी उचलते, एस.टी.त बसते, आणि मागं वळूनसुद्धा बघत नाही. तो येत नाही. कुणी येत नाही!"

काकांनी पुड्यातलं शेवटचं भडंग तसंच ठेवून पुडा दुमडला, खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसायला लागले. दुकानातलं काम संपल्यावर पुसायचे तसं. मावशीकडं त्यांनी बघितलं नाही.

घंटा झाली. आक्का आत जाताना मला म्हणाल्या, "तिला सोडून जायाला काय झालं हुतं? खायाला घालतो, ल्यायाला देतो..." आणि मग मधेच थांबून भावाकडं बघायला लागल्या.

उत्तरार्धात मावशी हसली नाही. सावकार पकडला गेला, म्हशीनं त्याला चिखलात लोळवलं, थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. ही आपली पुढच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत बसली होती. मग स्टँड आला. नायिका पिशवी घेऊन बाकावर बसली, डोळे पुसले, एस.टी.त चढली. एस.टी. निघाली. आणि लांबून टापा वाजायला लागल्या. नायक घोडा फेकत येत होता. घोड्यानं गाडी गाठली, ओलांडली, समोर उभा राहिला आणि दोन पायांवर उठला. करकचून ब्रेक! "थांब की गं राणी," नायक गायला लागला. लोक खुर्च्यांवर चढले. शिट्ट्यांनी पत्रा हादरत होता. आक्का डोळ्यांना पदर लावून रडत होत्या.

आणि भूपालकाका उठले. कुणाच्या पायावर पाय देत, कुणाची माफी न मागता रांगेतून बाहेर पडले. दाराचा पडदा उघडला, उन्हाचा एक पट्टा आत आला आणि ते गेले.

"गेले," मावशी म्हणाली. मग चपला न शोधताच उठली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागं धावले.

काका व्हरांड्यात कठड्याला धरून उभे होते. आतून गाण्याचा आवाज येत होता. मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. मी खांबाशी थांबले. जायला हवं होतं मी तिथून, पण तिच्या चपला माझ्या हातात होत्या.

"खोटं आहे ते," काका म्हणाले.

"सिनेमाच आहे तो. मी नाही लिहिला तो घोडा."

"घोडा नव्हे. सर म्हणाले ते. तू लिहिलंस ते. 'तो येत नाही.'"

मावशीनं मान वर केली. मी तिला त्यांच्याशी त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "त्यात खोटं काय आहे? तुम्ही आला होता? मी त्या बाकावर बसले होते. गाडीत बसले. तासभर बसले. गाडी चालूच होईना. ड्रायव्हर किल्ली फिरवून दमला, माणसांनी ढकलून बघितली. शेवटी सगळे उतरले, तशी मीही उतरले आणि घरी येऊन भाकरी टाकल्या. तुम्हाला कळलं तरी होतं का मी गेले होते ते?"

"चालू कशी होणार," काका म्हणाले.

"काय?"

"डिझेलच्या पायपाचा नट ढिला केला होता. इंजिननं हवा घेतली. मग कितीबी ढकला."

आत नायकाचं कडवं संपून नायिकेचं सुरू झालं होतं.

"कुणी ढिला केला?"

मग काका बोलायला लागले, आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसाला इतकं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"तू समुद्राचं म्हणालीस. मी कधी समुद्राला गेलो नाही. कुठली गाडी, कधी सुटती, राहायचं कुठं, काही ठाऊक नाही. म्हटलं, सगळं विचारून घ्यावं, मग सांगावं. त्या दुपारी स्टँडवर तेच विचारायला गेलो होतो. रत्नागिरीची गाडी. चौकशीच्या खिडकीपाशी उभा होतो आणि बघतो तर तू बाकावर. पिशवी घेऊन. मला कळलं सगळं. तुझ्याकडं यायला निघालो, पण काय म्हणायचं ते सुचेना. तू गाडीत चढलीस. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले होते." ते थांबले. "तोंडात शब्द नव्हता. खिशात पाना होता."

मावशी कठड्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला सांगता यायचं नाही. ओठ हलत होते. मला वाटलं, आता रडणार.

"आणि मग? ती गाडी?"

"संध्याकाळी ड्रायव्हर मलाच शोधत दुकानात आला. गेलो, नट आवळला, सुरू झाली. त्यानं चहा पाजला."

"तुम्ही तो प्यालात?"

"आग्रह केला त्यानं."

मावशीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसण्याचा होता, पण मधेच तुटला आणि ती ताडकन उभी राहिली. "इतकी वर्षं मला वाटत आलंय की माझ्या नशिबातच जाणं नाही! गाडीनंसुद्धा मला नाही म्हटलं असं वाटलं मला. म्हणून मग मी कथेत ती गाडी सोडली. कागदावर तरी सुटू दे म्हटलं. आणि तुम्ही... अहो, थांबवायचंच होतं तर तोंडानं थांबवायचं होतं! मी थांबले असते. नाहीतर नसते थांबले. पण ते मी ठरवलं असतं ना?"

"चुकलं," काका म्हणाले.

"चुकलं काय चुकलं! मी आज जाते."

"कुठं?"

"समुद्राला. आत्ता. याच पावली."

काकांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग रस्त्यापलीकडं स्टँडकडं बघितलं. "पाचची रत्नागिरी लागली असंल," ते म्हणाले. "जा. मी गाडीला हात लावणार नाही."

मावशीनं माझ्या हातातल्या चपला ओढून घेतल्या, पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. अंगावर सिनेमासाठी नेसलेली मोरपिशी रेशमी साडी, हातात रुमालाएवढी पर्स. काका कठड्याला धरून तसेच उभे. रस्त्याच्या मध्यावर पोचल्यावर ती थांबली. एक बैलगाडी तिच्यासाठी थांबली, मागं एक टेम्पो भोंगा वाजवायला लागला. ती वळली आणि भर रस्त्यातून ओरडली,

"एकटीच जाऊ का?"

भूपालकाकांनी तीन पायऱ्या एका ढांगेत टाकल्या. मग परत फिरून माझ्याकडं आले, खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढून माझ्या हातात कोंबल्या, "मोरे वकिलाची मोटार आज मिळणार नाही म्हणावं," म्हणाले आणि पळाले. हो, पळाले! पन्नाशीच्या घरातला, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस टेम्पोवाल्याला हात दाखवत पळाला. मीही मागं पळाले, मला राहवेचना.

गाडी लागलेली होती. मावशी आधी चढली, खिडकीची जागा धरली. काका तिच्या शेजारी टेकले. दोघंही समोर बघत बसले होते, शाळेत पहिल्या दिवशी बसवल्यासारखे. कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. गाडी घरघरली, कण्हली आणि गप्प झाली.

मावशीनं सावकाश मान वळवून नवऱ्याकडं बघितलं.

"मी नाही!" काकांनी दोन्ही हात वर केले. "देवाशपथ मी नाही! मी इथंच आहे की!"

आख्खी गाडी वळून बघायला लागली. आणि मग मावशी हसली. ती खिडकीच्या गजांवर डोकं टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काका हात वर धरून तसेच बसले होते, खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. दुसऱ्यांदा किल्ली फिरली, इंजिन सुरू झालं, धुराचा लोट माझ्या तोंडावर सोडून गाडी निघाली. मावशीनं खिडकीतून हात बाहेर काढला. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी टॉकीजपाशी परत आले तेव्हा खेळ सुटला होता. आमची दोन रांगांची माणसं पायऱ्यांवर उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढं आक्का. डोळे रडून लाल, चेहरा काळजीनं काळा.

"कुठं हाईत ती दोघं?" त्यांनी मला दंडाला धरलं. "भांडली का? भूपाल तसाच उठून गेला. पदू गेली का कुठं? खरं सांग पोरी."

"गेली, आक्का."

"कुठं?"

"रत्नागिरीला. एस.टी.नं. दोघंही गेले."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, स्टँडकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "दोघं? कशाला?"

"समुद्र बघायला."

"हे सरांच्या गोष्टीत हाय, का सिनेमात?"

"दोन्हीत नाही, आक्का."

आक्का खालच्या पायरीवर मट्‌दिशी बसल्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. पदर सुटला आणि त्या आख्ख्या भावकीला, अक्कोळे सरांना, सोडावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अगं बायांनो, ऐकलं का? आमची पदू पळाली! नवऱ्याला घेऊन पळाली!"